गरोदरपण आणि बाळंतपणातील धोक्याची लक्षणे: वेळ न घालवता मोफत उपचार कसे घ्याल?

बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात. पण आधीची बाळंतपणे सोपी झाली असली, तरी पुढच्या वेळी अचानक गुंतागुंत होऊ शकते. अशा वेळी सर्वांत घातक ठरतो तो उशीर. दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवताना उशीर होतो, गाडी मिळेपर्यंत होतो आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतही होतो. "सकाळी बघू", "एवढे पैसे कुठून आणायचे" ही वाक्ये घरात निघतात, तेव्हा पुढील माहिती उपयोगी पडेल.

कोणती लक्षणे दिसल्यास लगेच निघावे?

*गरोदरपणात*
- अंगावरून रक्त जाणे. रक्त थोडे असो वा जास्त, पोट दुखत असो वा नसो, तपासणी आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांत पोटात एका बाजूला तीव्र दुखून चक्कर आली, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे.
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा व हातांवर सूज. ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी पाय थोडे सुजणे नेहमीचे असते, पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असेल तर दुर्लक्ष करू नका.
- झटके येणे. हे "बाहेरचे" नाही. रक्तदाब फार वाढल्याने असे होऊ शकते. त्यावर रुग्णालयात इंजेक्शन उपलब्ध असते.
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे.
- कळा नसताना अंगावरून पाणी जाणे.
- ताप, किंवा बसल्या जागीही धाप लागणे. खूप थकवा आणि धाप हे रक्त फार कमी असल्याचे लक्षण असू शकते. हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय आणि 7 पेक्षा कमी असेल तर तो तीव्र समजला जातो.

*बाळंतपणाच्या वेळी व नंतर*
- 12 तासांहून जास्त कळा येऊनही बाळ बाहेर न येणे.
- बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे.
- जास्त रक्तस्राव. बाळंतपणानंतर लगेच पाच मिनिटांच्या आत पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजली, तर एक क्षणही थांबू नका. घरी आल्यावर तासाभरात पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तरी लगेच निघा.
- ताप, पोटात दुखणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे. ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत.
- तीव्र डोकेदुखी किंवा झटके. बाळंतपणानंतरही रक्तदाब वाढू शकतो.

गाडी येईपर्यंत काय करावे?

102 किंवा 108 वर फोन करा आणि आशाताईंना कळवा. बाईला डाव्या कुशीवर झोपवा. झटके येत असतील तर तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. रक्तस्राव होत असल्यास पॅड किंवा कापड बाहेरूनच ठेवा. घरी कोणालाही आतून तपासू देऊ नका. भिजलेले पॅड सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना रक्तस्रावाचा अंदाज येईल.

खर्च कोण करणार?

केंद्र सरकारचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 रोजी सुरू झाला. सरकारी आरोग्य संस्थेत येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसाठी तो आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. त्यात पुढील सेवा मोफत मिळतात:
- साधे बाळंतपण आणि सिझेरियन
- औषधे, इंजेक्शन व लागणारे साहित्य
- रक्त, लघवी तपासणी आणि सोनोग्राफी
- गरज पडल्यास रक्त
- साध्या बाळंतपणात 3 दिवस व सिझेरियनमध्ये 7 दिवसांपर्यंत जेवण
- घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी जाण्यासाठी वाहन

2014 पासून गरोदरपणातील व बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीवरील उपचार आणि आजारी बाळाचे एक वर्षापर्यंतचे उपचारही यात धरले जातात. कोणी पैसे मागितले किंवा औषध बाहेरून आणायला सांगितले, तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. आधी उपचार सुरू होऊ द्या. चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा.

खासगी रुग्णालयात स्वतः गेल्यास हा कार्यक्रम लागू होत नाही.

माहेरी किंवा दुसऱ्या राज्यात असाल तर?

बाळंतपणासाठी माहेरी जाताना किंवा कामासाठी दुसऱ्या राज्यात राहत असताना अनेकींना वाटते की, तिथे आपली नोंद नाही, मग उपचार कसे मिळतील? देशातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात तुम्हाला या सेवा मागता येतात. मात्र माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असू द्या. त्यावर रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आधीच्या तपासण्या लिहिलेल्या असतात. नवीन डॉक्टरांना त्यावरून लगेच पुढचा निर्णय घेता येतो. पोहोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या आशाताईंना भेटा.

धोका आधीच कसा ओळखावा?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून ही तपासणी जरूर करून घ्या. कार्डावर लाल खूण असेल तर गरोदरपण जोखमीचे आहे, असा तिचा अर्थ. घाबरून जाऊ नका, पण बाळंतपण कुठे करायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवा. लोहाची गोळी गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळासोबत स्वतःचा त्रासही सांगा.

आजच एवढे करून ठेवा
- 102, 108 आणि आशाताईंचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घाला.
- सिझेरियन व रक्त देण्याची सोय असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, ते विचारून घ्या.
- कार्ड, आधार कार्ड, कपडे आणि पॅड एका पिशवीत ठेवा.
- रात्री त्रास झाला तर सोबत कोण जाईल आणि मोठ्या मुलांना कोण सांभाळेल, हे ठरवा.
- वरील लक्षणे सासूबाई, आई आणि पती यांना वाचून दाखवा. त्रास वाढल्यावर बाईला स्वतः बोलता येईलच असे नाही. निघण्याचा निर्णय त्यांनीच घ्यायचा असतो.

लक्षण खरे की नुसती शंका, हे घरी ठरवत बसू नका. तपासून सगळे ठीक निघाले, तर तेवढाच दिलासा. तपासणीला पैसे लागत नाहीत.