शंभरातल्या तिघी

आमच्या बचत गटाच्या वाळवणाच्या ऑर्डरी आता इंटरनेटवर येतात. पापड, कुरडया, सांडगे. नाव-पत्ता आणि किती किलो एवढं भरलं की झालं. पेज माझ्या भाच्यानं करून दिलंय. परवा लॅपटॉपवरचा तक्ता दाखवत तो म्हणाला, "मावशी, जुन्या अँड्रॉइड फोनवरून येणाऱ्या शंभरात तीनच. बाकी सगळं नव्या क्रोमवर. त्या तिघींसाठी कशाला खटपट करायची?"

आकडा समोर आला की आपण गप्पच बसतो, नाही का? मीही मान डोलावली. पण रात्री ओटा आवरताना शेजारच्या काकूंचं बोलणं आठवलं. "अगं, तुझ्या त्या फॉर्मवर शेवटचं बटणच दिसत नाही गं!" काकूंचा फोन मुलानं वापरून दिलेला, जुना.

सकाळी भाच्याला विचारलं, "शंभरात तीन म्हणजे शंभर काय? बायका, फोन, की पेज उघडल्याच्या वेळा?" तो हसला आणि त्यानंच एक गंमत सांगितली.

मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटर या कंपनीनं सांगितलं, की जगात क्रोमनं इंटरनेट एक्स्प्लोररला मागे टाकलं; दोघांचाही वाटा ३२ टक्क्यांच्या आसपास, क्रोम जरासा पुढे. त्याच महिन्यात नेट ॲप्लिकेशन्स या दुसऱ्या कंपनीच्या हिशेबात एक्स्प्लोरर निम्म्याहून जास्त आणि क्रोम सुमारे २० टक्के! खोटं कुणीच बोलत नव्हतं. पहिली कंपनी किती पानं उघडली ते मोजत होती, दुसरी किती जण आले ते. शिवाय दुसरी कंपनी ज्या देशात इंटरनेट वापरणारे जास्त, त्या देशाच्या आकड्याला जास्त वजन देत होती.

मला लगेच आमचं हळदीकुंकू आठवलं. बायका पन्नास आल्या आणि कॉफीचे कप संपले ऐंशी. कप मोजले, तर तीन-तीन कप घेणाऱ्या चौघीच बारा जणींएवढ्या भरतात!

बरं, कोण आलं हे तरी कसं कळतं? ब्राउझर दारात आपली ओळख स्वतःच सांगतो. आणि ती ओळख म्हणजे अमक्यांची सून, तमक्यांची भाची अशी लांबलचक. क्रोम आपल्या ओळखीत मोझिला आणि सफारी ही नावंही घेतो. पूर्वी काही साइट नेटस्केपलाच, म्हणजे मोझिला म्हणवणाऱ्यालाच चांगलं पान दाखवायच्या. मग सगळेच मोझिला म्हणवू लागले. विंडोज ११ सुद्धा या ओळखीत स्वतःला विंडोज १० च म्हणवतं. फोनवर 'डेस्कटॉप साइट'वर टिक केली, की फोन चक्क काँप्युटर असल्याचं सांगतो. मोजणाऱ्यानं हे सगळं चाळून घ्यायचं.

म्हणजे आकडे टाकाऊ का? मुळीच नाही. एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीनं मोजलेले आकडे महिनोन्‌महिने पाहिले, तर वारं कुठे वाहतंय ते नक्की कळतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत मोबाइल-टॅबलेटनं काँप्युटरला मागे टाकलं, ते असं हळूहळू चढत चढतच.

पण आमचा प्रश्न वेगळाच होता. काकूंना बटण दिसलं नाही, म्हणून त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्या आल्या नाहीत, म्हणून जुने फोन कमी दिसले. आणि कमी दिसले, म्हणून भाचा म्हणाला, सोडून दे. दार बुटकं ठेवायचं आणि वर म्हणायचं, उंच माणसं आपल्याकडे येतच नाहीत!

भाचा काही न बोलता काकूंचा फोन घेऊन बसला. बटण स्क्रीनच्या खाली सरकलं होतं. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी काकूंची ऑर्डर आली, दोन किलो कुरडया.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी टक्केवारी तोंडावर फेकली, की घाबरू नका. तीनच प्रश्न विचारा. कशातले टक्के? मोजलं कसं? आणि ज्यांना दारातूनच परत जावं लागलं, त्या कुठे मोजल्या?