अक्षरे अडतात तेव्हा : नंदुरबारच्या वर्गातली मदत

माणसाच्या मेंदूत ऐकण्यासाठी जागा आहे, बोलण्यासाठी आहे, चेहरे ओळखण्यासाठी आहे. वाचण्यासाठी मात्र जन्मतः एकही जागा राखून ठेवलेली नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षे झाली आणि एवढ्या थोड्या काळात मेंदूची मूळ घडण बदलत नसते. त्यामुळे वाचायला शिकणारे प्रत्येक मूल आपल्या डोक्यात हे काम नव्याने उभे करते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून एक विलक्षण गोष्ट समोर आली. डाव्या मेंदूच्या मागच्या बाजूला, खालच्या भागात वस्तू आणि चेहरे ओळखणारा जो पट्टा आहे, त्यातला एक तुकडा शिकता शिकता अक्षरांच्या ओळखीला वाहून घेतो. मग तो ध्वनीच्या आणि अर्थाच्या केंद्रांशी जोडला जातो. ही जोडणी पक्की झाली की 'पाणी' हा शब्द नजरेला पडला आणि वाचायचा नाही असे ठरवले, तरी तो वाचला जातोच.

पहिलीतले पोर हे काम कोणालाही कळू न देता करत असते. काही मुलांमध्ये मात्र ही जोडणी सहज होत नाही. बुद्धी चांगली, डोळे-कान ठीक, गप्पा मारण्यात पटाईत. पण अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही. वाचन अडते ती डिस्लेक्सिया, लेखन अडते ती डिसग्राफिया, अंक अडतात ती डिसकॅल्क्युलिया. या सगळ्यांना मिळून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात. शाळकरी मुलांमध्ये तिचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के मानले जाते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात असे एखाददुसरे तरी मूल असणारच, मग ती शाळा मुंबईत असो की नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर. त्या मुलाला वर्गातच आधार मिळाला तर ते शिकते. हा आधार कोणत्याही दाखल्याची वाट न पाहता सुरू करता येतो, आणि तो तसाच सुरू व्हायला हवा.

एका शतकाचा प्रवास

७ नोव्हेंबर १८९६ रोजी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण स्वतःचे नावही त्याला धड लिहिता येत नव्हते. 'पर्सी'चे 'प्रेसी' व्हायचे. सगळे शिक्षण तोंडी असते तर शाळेत हाच पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. निदान डॉक्टरांनी केले, पण मुलातली ताकद शिक्षकाने ओळखली होती. पुढे १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी अशा सगळ्या अडचणींना 'अध्ययन अक्षमता' हे एकच नाव सुचवले आणि पालकांच्या संघटना त्या नावाखाली एकत्र आल्या.

पर्सीच्या नोंदीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचे चिकित्सालय उभे राहिले. डॉ. माधुरी कुलकर्णी आणि डॉ. सुनील कारंडे यांच्या कामामुळे भारतीय मुलांची पद्धतशीर निरीक्षणे वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. २००७ च्या डिसेंबरमध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि घराघरांत या विषयाचे नाव झाले. तरीही ही ओळख बरीच वर्षे मोठ्या शहरांतल्या शाळांपुरतीच राहिली.

देवनागरीची चढण

इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरांशी झुंजावे लागते, पण त्यांचे उच्चार दगा देतात. मराठीत उच्चार बराच प्रामाणिक असतो, पण आकारांचा पसारा मोठा. व्यंजने आणि बाराखडी धरली तरी चारशेहून अधिक अक्षररूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की, अशा लिपीतली सगळी अक्षरे हाताखाली यायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. पहिलीच्या अखेरीस मूल अडखळते म्हणून लगेच घाबरू नये, ते यासाठी.

देवनागरीतले काही वळसे तर मोठ्यांच्या लक्षातही येत नाहीत. 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, पण बोलताना 'क' आधी आणि 'इ' नंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी उच्चारतो, पण रफार बसतो 'य'च्या डोक्यावर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक एका बारीक वळणाचा. ज्या मुलाची अक्षर-आवाजाची गाठ आधीच सैल आहे, ते नेमके इथे घसरते. फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते, काना-मात्रा गळतात, शब्द अर्धाच राहतो. तोंडी विचारले तर तेच मूल नेमके उत्तर देते. लेखी आणि तोंडी कामातली ही तफावत शिक्षकाच्या नजरेस पडणारी पहिली मोठी खूण आहे.

भाषा अडते की वाचन?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार सहा तालुक्यांचा : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के; साक्षरता ६४ टक्क्यांच्या घरात, राज्यात सर्वांत कमी. घरात बोलल्या जातात भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी. शाळेतली प्रमाण मराठी ही अनेक मुलांसाठी दुसरी भाषा असते.

म्हणून इथे शिक्षकाचे काम दुप्पट नाजूक होते. भिलीच्या अनेक बोलींत 'स'च्या जागी 'ह' येतो. मूल पुस्तकातले 'सात' पाहून 'हात' म्हणाले, तर ते चुकलेले नाही. त्याने अक्षर बरोबर ओळखले आणि आपल्या बोलीत वाचले. त्याला अध्ययन अक्षम ठरवणे हा अन्याय होईल. उलट, 'त्याच्या घरी मराठी नाही, म्हणून येत नाही' असे म्हणून खऱ्या अडचणीकडे वर्षानुवर्षे काणाडोळा होणे हाही अन्यायच.

दोन्ही टाळायची वाट म्हणजे क्रमाने तपासणी. आधी डोळे आणि कान. मग प्रकृती : हा सिकलसेलचा पट्टा आहे, आणि रक्तक्षयाने थकलेले मूल वर्गात मंद भासू शकते. मग हजेरी : दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत गेले आणि मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परतले, तर त्याची गैरहजेरी अक्षमता नव्हे. मग भाषा : मुलाच्या बोलीतली गोष्ट ऐकवून, त्याच बोलीत प्रश्न विचारून पाहावे, 'क'पासून सुरू होणारे त्याच्या घरातले शब्द विचारावेत. स्वतःच्या बोलीतही आवाज सुटे करता येत नसतील, यमक ओळखता येत नसेल, आणि त्याच गावातली, त्याच भाषेतली, तेवढीच हजेरी असलेली मुले पुढे गेली असतील, तर अडचण भाषेच्या पलीकडची आहे असे समजावे.

बोलीतून सुरुवात करण्याचा अनुभव या मातीत आहे. नर्मदाकाठच्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या जीवनशाळांमध्ये पहिली पावले मुलांच्या बोलीतच टाकली गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी तेच केले होते. घरच्या भाषेत पाया घातला की भाषेमुळे अडलेले मूल लवकर सुटते, आणि खऱ्या अर्थाने मदतीची गरज असलेले मूल ठळकपणे दिसू लागते.

वर्गात काय करता येते

अध्ययन अक्षमता औषधाने जात नाही. शिकवण्याची रीत बदलली की वाट सापडते. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेले तत्त्व आजही पायाभूत आहे : पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हाताची हालचाल एकाच वेळी कामाला लावायची, आणि सोप्याकडून अवघडाकडे एकेक पायरी जायचे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. अंगणातल्या मातीत 'म' गिरवायचा आणि गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या, प्रत्येक टाळीला एक चिंचोका. मग मधला चिंचोका उचलला तर काय उरले? 'कळ'. या खेळात मुलाला प्रथमच जाणवते की शब्द सुटा होतो आणि पुन्हा जोडता येतो. 'घ' शिकवल्यावर 'ध' लगेच घ्यायचा नाही. मध्ये आठवडे जाऊ द्यायचे.

याच्या जोडीला साध्या सोयी हव्यात. मूल पहिल्या रांगेत, फळ्यासमोर बसवावे. उतरवून घ्यायचा मजकूर अर्धा करावा. वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्यावी. सगळ्यांसमोर अचानक उभे करून वाचायला लावू नये. आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवावा. परिसर अभ्यासाचे उत्तर तोंडी घ्यावे. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण भाषेच्या पेपरबाहेर कापू नयेत. आणि मारणे-हिणवणे पूर्ण बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

मदत मागायची कशी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता; नव्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत तो झाला. यातले कलम १६ पालकांनी लक्षात ठेवावे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असे बंधन त्यात आहे. जिल्हा परिषदेची शाळा असो, आश्रमशाळा असो की खासगी अनुदानित, सगळ्यांना ते लागू होते.

सुरुवात वर्गशिक्षकांपासून करावी. मुलाच्या वह्या घेऊन जावे. काय येते आणि काय येत नाही हे दोन्ही सांगावे. मग मुख्याध्यापकांना साध्या मराठीत लेखी अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. आई-वडिलांना लिहिता येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्याने मदत करावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. त्यांनी शाळेत येऊन मूल पाहावे आणि वर्गशिक्षकांसोबत वैयक्तिक शैक्षणिक योजना आखावी, अशी मागणी अर्जातच करावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले आहे. जिल्ह्याला त्या प्रमाणात शिक्षक मिळावेत यासाठी ग्रामसभेत ठराव करता येतो.

तपासणीची साधनेही आता मराठीत आली आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली 'डाली' हा चाचणीसंच तयार झाला. तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे आणि त्यातली प्राथमिक चाळणी शिक्षकाला करता येते. एनसीईआरटीचे 'प्रशस्त' ॲप शाळेत एकवीसही प्रकारांची प्राथमिक नोंद करायला उपयोगी पडते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययनातल्या अडचणींचाही समावेश आहे.

दाखला आणि परीक्षा

प्रमाणपत्राचे महत्त्व परीक्षेच्या वेळी कळते. केंद्रीय सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी चाळणी होते. त्यानंतर बुद्धिमापन आणि बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच वापरून निदान केले जाते. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. या प्रमाणपत्राच्या आधारे दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. नंदुरबारच्या शाळांचे प्रस्ताव मंडळाच्या नाशिक विभागाकडे जातात. ते वेळेत जायचे तर नववीतच कागद पूर्ण असावे लागतात.

यातली एक तफावत मात्र पालकांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घ्यावी. प्रमाणपत्र आठव्या वर्षाच्या पुढे मिळते, आणि वाचनाची जोडणी घडवण्याचा सर्वांत मोलाचा काळ सहा ते आठ वर्षांचा. या दोन वर्षांत शिकवण्याची रीत बदलण्यासाठी कायद्याने कोणताही कागद मागितलेला नाही. उलट शाळेवरच कर्तव्य टाकले आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरून जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या मारणे ज्या बापाला मजुरी बुडवल्याशिवाय जमत नाही, त्याच्या मुलासाठी तर वर्गच पहिला दवाखाना आहे. म्हणून पहिली-दुसरीतले मूल अक्षरांशी झगडताना दिसले, तर पुढच्या पालकसभेची वाटही पाहू नये. वह्या घ्याव्यात, शाळा गाठावी, अर्ज द्यावा. आणि गुरुजींनी त्याच आठवड्यात त्या मुलाची जागा पुढच्या रांगेत करावी.