अतिथि कीं विक्षिप्त?

ज्या गांवांत किंवा आळींत विचित्र वागणारा अनोळखी मनुष्य कधींच आला नाहीं, असें गांव वा अशी आळी सांपडणें कठीण. तो पारावर बसतो, स्वतःशींच पुटपुटतो, हांक मारली तर उत्तर देत नाहीं. आणि दोन दिवसांतच घरोघर त्याच्याविषयीं कुजबूज सुरू होते. कोणी म्हणतो वेडा आहे, कोणी म्हणतो चोर आहे, तर एखादी आजीबाई हात जोडून म्हणते, "कोण जाणे बाबा, कोणी महात्माही असेल!" अशा वेळीं गृहस्थानें कसें वागावें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतही फारसा होत नाहीं. तो व्हावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आज बुलढाणा जिल्ह्यांत असलेल्या शेगांवीं २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं, माघ वद्य सप्तमीस, देविदास पातुरकर यांच्या घरीं जेवणावळ होती. घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील शितें वेंचून एक तरुण खात होता. त्याचें नांव-गांव कोणासही ठाऊक नव्हतें. त्या रस्त्यानें बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुलकर्णी हे जात होते. त्यांनीं त्यास हटकलें नाहीं. 'भूक असेल तर अन्नाची व्यवस्था करूं' असें विचारलें व पातुरकरांकडून वाढलेलें पान आणविलें. त्या तरुणानें सर्व पदार्थ एकत्र कालवून खाल्ले, आणि दामोदरपंत पाणी आणीपर्यंत तो जनावरांच्या पाण्यावर जाऊन तृषा भागवून मोकळाही झाला! हेच पुढें श्रीगजानन महाराज म्हणून सर्वश्रुत झाले. ८ सप्टेंबर १९१० रोजीं त्यांनीं शेगांवींच समाधि घेतली. दासगणू महाराजांच्या १९३९ सालच्या एकवीस अध्यायी 'श्रीगजाननविजय' ग्रंथामुळें हा प्रसंग घरोघर ठाऊक आहे.

परंतु हा प्रसंग आपण शेवटाकडून आरंभाकडे वाचतों. शेवटीं मंदिराचें शिखर दिसत असतें, म्हणून पत्रावळीही पवित्र वाटतात. त्या दिवशीं मात्र त्या दोघां गृहस्थांसमोर शिखर नव्हतें. एक भुकेला मनुष्य होता, आणि त्यांचा पहिला प्रश्न भुकेविषयीं होता. सर्वांनींच असें केलें नाहीं. त्याच ग्रंथांतील कथेप्रमाणें अकोलीच्या भास्कर पाटलानें तहानेल्या महाराजांस पाणी नाकारून वर दुरुत्तरें दिलीं, आणि शेगांवच्या पाटील घराण्यांतील तरुणांनीं मारुतीच्या मंदिरांत त्यांस उंसांनीं झोडपलें. पुरुष एकच, परंतु एकानें पान वाढलें, दुसऱ्यानें तांब्याभर पाणीही दिलें नाहीं, तिसऱ्यांनीं हात उगारला. यांत परीक्षा झाली ती कोणाची, हें सुज्ञांस सांगणें नको.

'विक्षिप्त' हा शब्द आपण सहज वापरतों. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत चित्ताच्या पांच भूमि सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. विक्षिप्त ही बरोबर मधली. तिच्या एका बाजूस मूढता, दुसऱ्या बाजूस एकाग्रता. समोरचा मनुष्य यांपैकीं कोणत्या भूमीवर उभा आहे, हें दाराच्या फटींतून पाहणाऱ्यास कळावें कसें? म्हणून पायां पडण्याची घाई नको, तशीच धोंडा उचलण्याचीही नको. तो महात्मा असेल म्हणून अन्न द्यावयाचें नाहीं. तो भुकेला आहे म्हणून द्यावयाचें.

धोंडा उचलण्याच्या घाईचें फळ काय असतें, हें १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें महाराष्ट्रानें पाहिलें. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षेकरितां तेथें गेले होते. मुलें पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून फैलावल्या होत्या. संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलींत त्या पांचही जणांस ठार मारण्यांत आलें. तुम्ही कोण, कोठले, एवढें शांतपणें ऐकून घेतलें असतें, तर पांच संसार उघडे पडले नसते.

उलटपक्षीं, जो खरोखरच मनानें आजारी आहे, त्यास नुसतें अन्न देऊन भागत नाहीं. १९८८ च्या सुमारास मुंबईस डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी यांनीं नारळाच्या करवंटीनें गटाराचें पाणी पिणारा एक तरुण पाहिला. त्यांनीं त्यावर उपचार केले. तेव्हां तो विज्ञानाचा पदवीधर निघाला, आणि आंध्रांतील आपल्या कुटुंबास पुन्हां मिळाला. त्यांतूनच श्रद्धा पुनर्वसन संस्थेचें कार्य उभें राहिलें, व २०१८ सालीं डॉ. वाटवानींस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतही चिखली तालुक्यांतील पळसखेड सपकाळ येथें नंदकुमार व आरती पालवे हें दांपत्य 'सेवासंकल्प' या संस्थेंत अशाच निराधार मनोरुग्णांस आसरा देतें.

कायदाही आतां याच बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वयें, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकतांना आढळल्यास त्यास संरक्षणांत घेणें हें पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आंत त्यास जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत नेलें पाहिजे. कोठडींत डांबतां येत नाहीं. सल्ल्यासाठीं १४४१६ हा 'टेलि-मानस'चा विनामूल्य क्रमांक आहे.

कोणी म्हणेल, 'हें लिहावयास ठीक. पण दुपारीं घरांत सुना व लेंकरेंच असतात, त्यांनीं काय करावें?' प्रश्न रास्त आहे, आणि भीति ही कांहीं पाप नव्हे. दार उघडूं नये वाटलें तर उघडूं नये. ओट्यावर पान व पाणी ठेवावें, शेजारच्या वडीलधाऱ्यांस हांक मारावी, आणि गरज दिसल्यास पोलिसांस कळवावें. मुलांस खडे मारूं देऊं नये, कीं टवाळी करूं देऊं नये. त्याचें छायाचित्र काढून 'सावध राहा' म्हणून गांवभर धाडूं नये. राईनपाड्याची वाट तेथूनच सुरू होते. आणि संध्याकाळीं घरांतील कर्त्या पुरुषानें स्वतः पारापर्यंत जाऊन त्यास नांव, गांव, भाषा विचारावी. कित्येकदां त्याचें बोलणें वेडेपणाचें नसतें. केवळ परमुलखांतलें असतें.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आपण मुलांकडून पाठ करवितों. तींत तो नीटनेटका असावा, गोड बोलणारा असावा, अशी अट कोठेंही घातलेली नाहीं.