बोलपटाची यंत्रे आणणारे दादासाहेब तोरणे

वाचकहो, पुण्यास कसबा गणपतीच्या दर्शनाला आलात की जवळच्या तांबट आळीत घटकाभर उभे राहा. हातोड्यांचा ठणठणाट ऐका. १९३१ साली अशा जागी बोलपट काढला असता, तर नटाच्या बोलण्याबरोबर तोही फिल्मवर उतरला असता! मागाहून आवाज भरण्याची सोय आपल्याकडे तेव्हा नव्हती. गाणे नटानेच म्हणायचे, वाजवणाऱ्यांनी आडोशाला दडायचे. मायक्रोफोन आवाजाची वीज करी, त्या विजेने दिव्याचा उजेड कमीजास्त होई आणि फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी उमटे. चित्रगृहात त्या पट्टीतून उजेड सोडला की पडदा बोलू लागे. 'आलम आरा'चे चित्रण तर आगगाड्यांच्या आवाजामुळे रात्री करावे लागले.

असली यंत्रे आपल्याकडे आणवणाऱ्यांत मालवणकडचे रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे (१८९०-१९६०) होते. 'पुंडलिक' (१९१२) या मूकपटामुळे त्यांचे नाव अधूनमधून निघते. आवाजाचे काम मात्र फारसे कोणी आठवत नाही. मुंबईच्या मूव्ही कॅमेरा कंपनीतून ते ऑडिओ-कॅमेक्स ही ध्वनिमुद्रणाची यंत्रे पुरवत.

नुसती यंत्रे विकून ते थांबले नाहीत, हे मला विशेष वाटते. (पंप विकणारे पुष्कळ, बांधावर येऊन पाणी काढून दाखवणारा विरळा.) पुण्यात 'सरस्वती सिनेटोन' काढून १९३२ साली त्यांनी 'श्यामसुंदर' हा बोलपट केला. शाहू मोडक व शांता आपटे त्यातूनच प्रथम पडद्यावर आले. मुंबईत तो पंचवीस आठवडे चालला.