पेनरोजची हवा, कंटेनरमधला आर

ऑकलंडचं पेनरोज म्हणजे गोदामं, कारखाने, रेल्वेचा फाटा आणि शेजारून धावणारा दक्षिणेचा मोटरवे. इथल्या गॅव्हिन स्ट्रीटवर ऑकलंड कौन्सिलचं हवा मोजणारं केंद्र आहे. धूलिकण किती, नायट्रोजन डायऑक्साइड किती, याच्या नोंदी तिथे होतात. असे आकडे चाळायला जगभर वापरली जाणारी ‘आर’ ही भाषाही इथून काही किलोमीटरवरचीच. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ऑकलंड विद्यापीठात घडवली.

आवृत्ती बदलली की उत्तरही बदलू शकतं. सीड, म्हणजे यादृच्छिक निवडीचा आरंभबिंदू, ४२ देऊन १ ते १० आकडे पिसायला सांगा. आर ३.५.३ मध्ये पहिला येतो १०, ३.६.० मध्ये १. २०१९ साली निवडीची रीत सुधारली, आणि ते योग्यच झालं. पण जुना अहवाल पुन्हा चालवणारा मात्र चक्रावतो.

यावर उतारा म्हणून डेव्ह कंटेनर, म्हणजे ठरलेल्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर ज्यात वेगळं चालतं असा बंद डबा. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक छोटी जेसन फाइल ठेवायची. कोणती इमेज (कंटेनरचा तयार साचा), कोणती एक्स्टेन्शन्स, सगळं तीत. इमेज बहुधा आरसाठी इमेज पुरवणाऱ्या रॉकर प्रकल्पाची, आवृत्ती स्पष्ट लिहून: ४.३.१. व्हीएस कोडमध्ये ‘रीओपन इन कंटेनर’ दाबलं की पहिल्यांदा डाउनलोडला वेळ लागतो, मग खिडकी तीच राहते आणि आर मात्र कंटेनरच्या आत चालतो. पुण्यातल्या सहकाऱ्याकडेही तोच.

तरी खरी परीक्षा वेळेची. समजा, पेनरोजची नोंद जुलैतल्या सकाळी ८ची आहे आणि टाइमझोन लिहिलेला नाही. ऑकलंडच्या लॅपटॉपवर आर ती न्यूझीलंडची वेळ धरतो, पुण्यात भारताची. साडेसहा तासांची तफावत. रॉकरच्या अलीकडच्या इमेजमध्ये दोघांनाही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मिळतो. आलेख तंतोतंत जुळतात, आणि दोन्ही चुकलेले असतात! वाऱ्याच्या यूटीसीतल्या नोंदी जोडल्या की सकाळच्या रहदारीच्या धुराला रात्री ८चा वारा लागतो. आलेख इतका नीटनेटका दिसतो की कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून फाइल वाचतानाच टाइमझोन लिहायला हवा. ‘पॅसिफिक/ऑकलंड’ सोयीचा वाटतो, पण उन्हाळ्यात तो घड्याळ तासाने पुढे नेतो. नोंदी वर्षभर प्रमाणवेळेत असतील, तर ‘ईटीसी/जीएमटी-१२’ घ्यावा लागतो. बारा तास पुढे असूनही चिन्ह उणेच, कारण या नावांमध्ये चिन्हं उलटी धरतात.