गोलाचे पृष्ठफळ आणि दुहेरी संकलन

नळकांड्यावर कागद गुंडाळता येतो. गोलावर मात्र तो सुरकुत्या पडल्यावाचून बसत नाही. म्हणूनच नळकांड्याचे पृष्ठ उलगडून मोजता येते, गोलाचे येत नाही. या अडचणीत भलेभले फसले. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे, हा आठव्या शतकातील ज्योतिषी लल्ल यांचा नियम भास्कराचार्य उद्धृत करतात आणि ठामपणे खोडून काढतात. क्षेत्रफळाला लांबीने गुणल्यास घनफळाच्या जातीची राशी मिळते, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल! भास्कराचार्यांचे उत्तर होते परिघ गुणिले व्यास. पृथ्वीचा परिघ ४९६७ आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने धरून त्यांनी पृष्ठफळ ७८,५३,०३४ चौरस योजने काढले.

‘सिद्धान्तशिरोमणी’ (११५०) या ग्रंथावरील स्वतःच्याच भाष्यात त्यांनी उपपत्तीही दिली आहे. गोलाचा परिघ ९६ हात मानावा आणि आवळ्यावरील रेषांप्रमाणे त्याच्या पृष्ठाच्या ९६ उभ्या फाकी कल्पाव्यात. मध्यावर प्रत्येक फाक एक हात रुंद असते. तेथून ध्रुवापर्यंत तिचे एकेक हात उंचीचे २४ तुकडे पडतात आणि त्यांची रुंदी ज्येच्या (साइनच्या) प्रमाणात घटत जाते. आपण बेरीज करून पाहिली, तर अर्ध्या फाकेचे क्षेत्रफळ सुमारे १५.२७ येते, या गोलाची त्रिज्या १५.२८ हात आहे. अर्थात पूर्ण फाकेचे क्षेत्रफळ व्यासाच्या अंकाइतके, आणि अशा फाकी ९६.

दुहेरी संकलनाची रचना हीच आहे. आतले संकलन एका फाकेत ध्रुवापासून ध्रुवापर्यंत चालते, बाहेरचे साऱ्या फाकी एकत्र करते. तुकडे अतिसूक्ष्म होत गेले की तो शतांशाचा फरकही उरत नाही.

पृष्ठ गोल नसून डोंगरासारखे वेडेवाकडे असेल, तर त्याच्या सपाट छायेचे बारीक चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनावरील पृष्ठाचे दोन्ही दिशांतील चढ घ्यावेत, त्यांच्या वर्गांच्या बेरजेत एक मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. चौकोनाच्या तितक्या पट पृष्ठ त्यावर असते. साठ अंशांच्या उतारावर ही पट बरोबर दोन भरते. सातबाऱ्यावर मात्र छायेचेच क्षेत्र लागते. गोलार्धाच्या कडेशी पृष्ठ उभे होते आणि ही पट अनंताकडे धावते, त्यामुळे तेथे सीमा घेऊनच संकलन करावे लागते. तरीही उत्तर सांत येते : छायेच्या वर्तुळाच्या नेमके दुप्पट.