राळेगाव कुणाच्या राज्यात?

राळेगाव वऱ्हाडात आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. १९०२ पासून कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, वर्षभराने कारभार मध्य प्रांताबरोबर, नागपूरहून. त्यामुळे १९१९च्या कायद्यानंतर वऱ्हाडचा प्रतिनिधी मतांनी निवडून आला, तरी कौन्सिलात बसायला त्याची सरकारी ‘नेमणूक’ व्हावी लागे!

याच कायद्याने आलेल्या द्विदल पद्धतीत शिक्षण, आरोग्य, शेती ही सोपीव खाती मंत्र्यांकडे आली. राखीव खाती (महसूल, पोलीस आणि मुख्य म्हणजे तिजोरी) गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. शाळा काढा, पैसे आम्हाला मागा, असा हा मामला.

१९२३ला मध्य प्रांतात स्वराज्य पक्ष बहुमताने आला. १९२४च्या मार्चमध्ये कौन्सिलाने मंत्र्यांचा पगार ठरवला वर्षाला २ रुपये. मंत्री गेले, सोपीव खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. वऱ्हाडवरची निजामाची नाममात्र मालकी मात्र १९३५च्या कायद्यानेही संपवली नाही.